सुरामधला श्वास

मी एक जुना हेडफोन आहे. मित्रांनो, माझ्या अंगात धातूचा कणही नाही. मेंदूची चित्रे काढणाऱ्या अजस्र यंत्राजवळ लोखंडाला मज्जाव असतो, म्हणून मला प्लास्टिक व रबरी नळ्यांपासून घडविण्यात आले. नळ्यांतील हवेतून संगीत माझ्यापर्यंत येई आणि मी ते माणसांच्या कानी घाली. "हा बिचारा कधी कुरकुरत नाही," असे संशोधक बाई माझे कौतुक करीत.

एके दिवशी एक सुतार व त्याची बायको आली. परक्या आणि ओळखीच्या सुरांना मेंदू कसा प्रतिसाद देतो, याचा तेथे अभ्यास चाले. ओळखीचा सूर बायकोने आणला होता. त्यांच्या दिवंगत मुलीने वाजविलेल्या माउथ ऑर्गनचे ध्वनिमुद्रण.

"ऐकवा यांना. पोर गेली, पण डोळ्यांत टिपूस नाही. निव्वळ लाकूड!"

"लाकूड कामाला तरी येतं," सुतार पुटपुटला.

"हो, आणि त्याला रंधा तरी मारता येतो! बाई, आज हे असेच कोरडे बाहेर आले ना, तर मी इथूनच भावाकडे जाणार. कायमची."

मला कानांवर चढवून सुतार यंत्राच्या बोगद्यात आडवा झाला. भीती वाटल्यास दाबण्यासाठी त्याच्या हाती रबरी फुगा देण्यात आला. यंत्र धडधडू लागले. परक्या सुरांच्या वेळी तो शांत पडून होता. तदनंतर मुलीचा सूर आला. ती छातीने अशक्त असावी; सूर मध्येच तुटे. आणि मित्रांनो, ती जेथे थांबे, तेथे क्षणभर आधीच सुताराची छाती भरून येई, जणू तिच्यासाठी तोच हवा ओढीत होता. त्या बोगद्यात माणूस एकच होता. श्वास मात्र मला दोघांचा लागत होता.

एकाएकी त्याने फुगा दाबला. यंत्र थांबले. सगळे आत धावले.

"घाबरलात का?" बाईंनी विचारले.

"नाही हो. पुढे तिला दम लागतो. तिथे मी तिची पाठ चोळायचो. हलू नका म्हणालात, मग हातात होतं तेच दाबलं."

"तुम्ही? कधी चोळायचात?" बायकोचा आवाज चिरकला.

"तू कामावर असायचीस तेव्हा."

बाई हळूच म्हणाल्या, "दुसऱ्याचं दुखणं ज्यांना फार लागतं ना, त्यांच्यातल्या काहींचा मेंदू ओळखीचा सूर ऐकताना माणूस भेटल्यासारखा वागतो."

"मग मलाही भेटू दे तिला," बायको म्हणाली. "यांच्यासोबत."

यंत्रात दोघे मावत नव्हते. तेव्हा बाईंनी माझ्या नळ्या बाहेरच्या बाकापर्यंत आणून तोच सूर पुन्हा लावला; माझा एक कान तिने धरला, एक त्याने. मी मध्ये ताणला गेलो आणि मला भेग पडली. सूर संपला तरी दोघांनी मला सोडले नाही. भावाकडे ती गेली नाही. नवऱ्याचा हात धरून जिना उतरली.

आता माझ्या जागी नवा हेडफोन आहे आणि मी एका अंधाऱ्या खोक्यात पडून आहे. मित्रांनो, मला जपा, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या डोळ्यांत पाणी दिसत नाही, त्याच्याजवळ घटकाभर बसा, एवढीच विनंती. आणि माझी भेग कोणी बुजवू नका. या खोक्यात कोणताही सूर येत नाही, तरी त्या भेगेतून कोणीतरी थांबून थांबून दम घेते.