फुकट फोटोंची भिंत

"मालक, तुम्ही लोकांच्या लग्नाचे फोटो फुकट काढता म्हणे. खरं का?"

विचारून झालं आणि तिचं तिलाच कौतुक वाटलं. आवाज कापला नाही, मान खाली गेली नाही. काचेच्या केबिनबाहेर तिच्या दोघी मैत्रिणी, बटाटी आणि टिकटिक, एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "मला कुणाची भीती नाही, कुणाची भीती नाही, असं सारखं ऐकवतेस ना? मग जा आणि विचार मालकांना."

गेल्या वर्षी अशी पैज कुणी लावलीच नसती. तेव्हा हजेरीला "हजर" म्हणायलाही तिला शेजारणीचं कोपर लागायचं. मग शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करणारी मुलगी ऐन वेळी आजारी पडली, बाईंनी समोर दिसली म्हणून हिच्याच हातात माईक कोंबला, आणि त्या दिवशी जो आवाज फुटला तो अजून बंद व्हायचाय. घरात तिला आता सगळे भोंगा म्हणतात. तिला ते आवडतं.

मालकांचा कारखाना म्हणजे शाळांचे गणवेश शिवणारी एक लांबलचक खोली. एका टोकाला बाबा, कटिंग मास्तर. दुसऱ्या टोकाला ताई, काज-बटणाच्या मशीनवर. ताईचं लग्न ठरलं होतं, आणि खर्चाला बाबांनी अशी कात्री लावली होती की कापडालाही दया यावी. हॉल लहान, जेवण साधं, दागिने आईचेच. ताई प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणाली. अडली ती फक्त फोटोंवर. "बाकी सगळं त्याच दिवशी संपतं," ती म्हणाली, "फोटो तेवढे राहतात." चौकातल्या स्टुडिओवाल्याचा आकडा ऐकून बाबा हसले आणि "कळवतो" म्हणाले. बाबा "कळवतो" म्हणाले की कधीच कळवत नाहीत.

म्हणून भोंग्याने विचारलं होतं.

मालक खुर्चीत मागे रेलले. माणूस ताडमाड, खुर्ची कुरकुरली. "मास्तरची धाकटी ना तू? खरं का म्हणजे? मागे वळून बघ की."

ती वळली. अख्खी भिंत नवरा-नवरींनी भरलेली. चौकटीला चौकट चिकटलेली. शिलाईवाल्या मावशी, इस्त्रीवाला, गाडीवर माल चढवणारे दादा, सगळे तरुण, सगळे कोरे करकरीत. आणि मधोमध एक शेलाटी नवरी, हनुवटी वर केलेली, जणू कुणाशी तरी भांडून नुकतीच जिंकली आहे.

"ओळखलीस?" मालक म्हणाले. "तुझी आई. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यातला फोटो आहे तो." मग त्यांनी केबिनचं दार उघडून आवाज दिला, "मास्तर, तुझ्यापेक्षा तुझी पोर शहाणी. थोरलीच्या लग्नाचे फोटो मीच काढणार, बरं का."

मशिनी थांबल्या. कुणीतरी टाळी वाजवली. पलीकडे बाबा तिच्याकडे बघून मान हलवत होते, अगदी हळू, डावीकडे-उजवीकडे. तिला वाटलं, मानेवर माशी बसली असेल.

संध्याकाळी तिने घरात विजयी वीरासारखा प्रवेश केला आणि एका दमात सगळं सांगितलं. आईचा हात पिठात तसाच थांबला. ताई उठली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

"काय झालं?" भोंग्याने विचारलं. "फुकट आहे. फुकटात कुणी खोट काढतं का?"

"आपल्या घरात आमच्या लग्नाचा एक तरी फोटो पाहिलास का कधी?" आई म्हणाली.

पाहिला नव्हता. आजवर हा प्रश्नच तिला पडला नव्हता.

"तिथे भिंतीवर आहे की," ती हळूच म्हणाली.

"तिथेच आहे. मी एकदाच पाहिलाय. डबा द्यायला गेले होते तेव्हा."

बाबांनी बूट काढून भिंतीशी सरळ रेषेत लावले. कापड असो की बूट, वाकडं त्यांना खपत नाही. "मी मागितला होता," ते म्हणाले. "मालक म्हणाले, इथे काय वाईट आहे, रोज बघतोस की. मग पगारवाढ मागितली. तेव्हा म्हणाले, मास्तर, तुझ्या लग्नाचे फोटो कुणी काढले? मी पैसे मागितले होते का? दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हाही हेच. रजा मागितली तरी हेच. माणूस ओरडत नाही गं. हसून विचारतो. त्याला काय उत्तर द्यायचं?"

"त्या भिंतीवर गेलेला एकही माणूस कारखाना सोडून गेलेला नाही," ताई आतून म्हणाली. तोंडाला टॉवेल लावलेला होता, म्हणून आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

आणि ताईला सोडायचं होतं. लग्नानंतर नवऱ्याच्या घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं मशीन टाकायचं, स्वतःची गिऱ्हाइकं करायची, हे दोघांनी कधीचं ठरवलं होतं. मालकांना ती लग्नानंतर सांगणार होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भोंग्याने तर हात नाही, अख्खं तोंड दाखवलं होतं.

त्यानंतर फास एकेक वेढ्याने आवळत गेला. मालकांनी नवी लेन्स आणली आणि सगळ्या खोलीला दाखवली. दुसऱ्या दिवशी बाबांना सुट्टीच्या दिवशी कामावर यायला सांगितलं, "घरच्यासारखंच आहे आता आपलं." ताईला नवरीच्या कपड्यांत केबिनमध्ये उभं करून उजेड तपासायचं ठरलं. भिंतीवर आईच्या शेजारची एक चौकट उतरवून तिथे खिळा मोकळा ठेवला गेला. ताई त्या खिळ्याचं सांगताना हसली. "तुला सांगते, काज करताना डोळ्यासमोर खिळाच येतो. काल एका शर्टाला पाठीवर काज पाडलं." मग ती हसायची थांबली. "मालक म्हणाले, लग्नानंतरही इथेच ना? नाहीतर स्वतःचे फोटो बघायला कशी येशील."

नको म्हणायची सोय नव्हती. फुकटाला नको म्हणायला निदान दुसरा फोटोग्राफर हवा, आणि तो परवडत नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. भोंगा गप्प झाला. घरात इतकी शांतता झाली की आईच म्हणाली, "बाई, काहीतरी बोल, कान दुखायला लागले."

ती शाळा सुटल्यावर मैत्रिणींना घेऊन गल्ल्या तुडवू लागली. एका स्टुडिओत विचारलं, ड्रोन हवा का. टिकटिकने विचारलं, "ड्रोन नको असेल तर कमी होतील?" तो म्हणाला, "ड्रोन फुकटच आहे, बाकीचेच पैसे." दुसऱ्याने बजेट ऐकलं आणि मोबाइलवर फोटो काढायचा सल्ला दिला, तोही त्यांच्याच मोबाइलवर. तिसरीकडे बटाटीने रडून बघितलं. पाण्याचा ग्लास मिळाला.

मग शाळेत वर्गाचा फोटो काढायचा दिवस आला.

ते फोटोवाले काका दरवर्षी येतात. दरवर्षी तोच स्टँड, तीच टोपी, तोच हुकूम: "उंचीप्रमाणे उभे राहा." त्यांच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही. मुख्याध्यापकांनाही ते एकदा म्हणाले होते, "सर, तुम्ही उंच आहात, मागे जा." आणि सर मागे गेले होते. फोटो झाला की ज्याला हवा तो आपले पैसे देऊन आपली कॉपी घेतो. नको तो घेत नाही. काकांना त्याचं सुखदुःख नाही.

भोंगा मधल्या ओळीत उभी होती. फ्लॅश पडला आणि तिने नेमके डोळे मिटले, कारण तिला काहीतरी सुचलं होतं.

"काका, लग्नाचा काढाल?"

काका स्टँड आवरत होते. "लग्नात बाकं आहेत का?"

"खुर्च्या आहेत."

"खुर्च्या हलतात. बाकं लागतात. आणि मी एकच काढतो. सगळ्यांचा एकत्र. नवरीला सतरा वेळा वळायला लावणं मला जमत नाही."

"पैसे?"

"शाळेत घेतो तेच. ज्याची त्याची कॉपी. तुमचे पैसे तुमच्या कॉपीपुरते."

"आणि मग फोटो कुणाचा?"

काकांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू ती पहिलीत आहे. "ज्याने कॉपी घेतली त्याचा. आणखी कुणाचा?"

तिने आधी ताईला सांगितलं. ताईने विचारलं, "एकच?" मग म्हणाली, "त्यात आई असेल?"

"पहिल्या ओळीत. आई बुटकी आहे."

"चालेल," ताई म्हणाली. पण हे "चालेल" हॉलला, जेवणाला म्हटलेल्या "चालेल"सारखं नव्हतं.

सकाळी बाबा बूट घालत होते आणि आई डब्याचं झाकण लावत होती. भोंगा गणवेशात, दप्तर पाठीला लावून दारात उभी राहिली.

"आज मी बाबांबरोबर कारखान्यात येणार," ती म्हणाली.

"कशाला?" बाबांनी मान वर केली नाही.

तिने काका, बाकं, कॉपी, सगळं सांगितलं. आई झाकणावर हात ठेवून ऐकत राहिली.

"आणि मालकांना काय सांगायचं?" आई म्हणाली. "उद्या यांनाच घरी बसवलं तर?"

बाबांनी नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "बसवतीलही," ते म्हणाले. "नाही बसवलं तरी बोलून दाखवतील. रोज."

"त्या बोलण्याला उत्तर असेल की आता," भोंगा म्हणाली. "या लग्नाचे फोटो कुणी काढले, तर आम्ही पैसे देऊन काढले."

"हे त्यांना सांगणार कोण?" बाबांनी विचारलं. तिच्याकडे त्यांनी आता पहिल्यांदा बघितलं. त्यांचा चेहरा केबिनच्या काचेपलीकडून दिसला होता तसाच होता, फक्त मान हलत नव्हती.

"मी," ती म्हणाली. "मी ठरवलंय. विचारलं मी होतं, नको पण मीच म्हणणार. तुम्ही कटिंगच्या टेबलाशी उभे राहा, माझ्याकडे बघूसुद्धा नका. आधी नको म्हणणार, मग आईचा फोटो मागणार. म्हणाले, इथे काय वाईट आहे, तर सांगेन की आईला रोज इथवर यायला जमत नाही. आणि लग्नाला त्यांना बोलावलंय ते बोलावलेलंच आहे. खुशाल येऊ देत. उंच आहेत. मागच्या ओळीत उभे राहतील."