सुमिंत्राच्या वाटणीची करवंटी

मी नारळाची अर्धी करवंटी. बोलायला बसलेय खरी, पण भीत भीतच.

लोसेना आजीने मला वाळूने घासून घासून गुळगुळीत केलं. तेव्हापासून मी फिजीतल्या या गावच्या सभाघरात आहे. संध्याकाळी माणसं चटईवर गोल बसतात, लाकडी परातीत कावा, म्हणजे मुळं कुटून केलेलं पेय, कालवतात. ज्याची पाळी तो टाळी वाजवतो, मला तोंडाला लावतो आणि मनातलं बोलतो. मधे कोणी तोडायचं नाही, अशी रीत.

पण शहरात दंगल झाल्यापासून माणसं आधी दाराकडे बघतात, कोण ऐकतंय म्हणून. पुष्कळ जण पितात आणि गप्प बसतात. त्या गप्प बसण्याची मला फार धास्ती वाटते.

परवा खालच्या वस्तीतली सुमिंत्रा आली, कडेवर तान्हं घेऊन. तिचे पणजोबा हिंदुस्थानातून ऊस तोडायला आलेले, पण गावाला ती अजून परकीच. रीतीप्रमाणे तिने कावाच्या मुळांची जुडी प्रमुखांपुढे, अपेनिसांपुढे ठेवली. पाळी आल्यावर प्यायली आणि म्हणाली, "मामा, गावच्या टाकीवरचा आमचा नळ रोज कोणीतरी बंद करतं. ओढ्याचं पाणी पिऊन पोराला जुलाब लागलेत."

"आमच्याच टाकीचं पिऊन आम्हालाच सुनावते," कावा वाढणारा सेमी म्हणाला. "उद्या टाकीवर स्वतःचं नाव घालशील." माणसं हसली.

"नाव नको दादा, पाणी दे. नळ तूच बंद करतोस. मी पाहिलंय."

हसू थांबलं. सेमी प्रमुखांचा पुतण्या. त्याने मला घाईने भरलं आणि तिचं बोलणं अर्धवट तोडून शेजारच्या तोमासीपुढे धरलं. पाळी पुढे गेली की बोलणं संपलं. त्याची बोटं माझ्या काठात अशी रुतली होती की वाटलं, आता मी फुटते. तिला बाहेर काढायला दाराशी दोघं जण उठून उभे राहिले. पोर रडायला लागलं.

तोमासीचं सुमिंत्राच्या सासऱ्याशी बांधावरून भांडण, कित्येक वर्षं बोलणं नाही. तो प्यायला नाही. त्याने मला तिच्यापुढे केलं.

"हिच्या घरच्यांशी माझं पटत नाही. हिचंही सगळं पटेल असं नाही. पण हिचं बोलून झालेलं नाही. पी गं."

ती प्यायली. आणि तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.  अपेनिसा म्हणाले, "सेमी, ऊठ. नळ सोडून ये. तोवर पुढची पाळी नाही."

पाणी सुटलं. पण रोज मला धुतो तो सेमीच, आणि हल्ली तो मला खिळ्यावर आपटूनच टांगतो. उद्या दुसरं कोणी बोलायला आलं आणि तोमासी नसला तर? मला काही आपण होऊन सरकता येत नाही. कधी तुमच्या हातात आले, आणि पुढच्याचं तोंडही बघवत नसलं, तरी मला तेवढं त्याच्यापर्यंत जाऊ द्या.