नवा रुपया आणि रंगूबाईचा पाय

पैजेचे पंच दत्तोबांनी पाचवा रुपया मातीत दाबला, हाताने वरची माती सारखी केली आणि देवळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दोघांना म्हणाले,

"वळा आता."

दीपक चटकन वळला. रंगूबाई सावकाश वळली. घाई दिसायला नको होती. बिरोबाच्या देवळापुढे निम्मं वरकुटे जमलं होतं.

रंगूबाई पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. अशा माणसाला जमिनीच्या पोटातलं कळतं, असं गाव मानत आलं होतं. कुणाचं जोडवं हरवलं की तिला बोलावणं यायचं. कुणाच्या पाठीत उसण भरली तर तो तिच्यापुढे पालथा पडायचा आणि ती लाथ मारायची. एकदा सरपंचालाही मारली होती, आणि ते सांगताना तिला अजून बरं वाटे. पण गेल्या दिवाळीत लोणी देवकरच्या कारखान्यात वायरमन असलेल्या दीपकने पुण्याच्या जुन्या बाजारातून धातू शोधायचं यंत्र आणलं. लांब दांडी आणि खाली ताटली. त्याने तीन अंगठ्या शोधून दिल्या, त्याही फुकट. रंगूबाईकडे येणारी माणसं तिच्या दारावरून पुढे जाऊ लागली आणि तिच्या पोटात दुखू लागलं. पोरगं गुणी होतं, दिसली की काकी म्हणून वाकायचं, म्हणून तर जास्तच दुखायचं.

पंधरवड्यापूर्वी तो शाळेच्या मैदानात यंत्र फिरवत होता, तेव्हा ती उगीच शेणाची पाटी घेऊन मागे मागे हिंडत होती. मातीत अर्धा बुडालेला एक नवा रुपया ताटलीखालून गेला आणि यंत्र गप्प राहिलं. तिने त्यावर पाय ठेवला आणि दीपक लांब जाईपर्यंत उचलला नाही. मग तिने जुना थोराड रुपया मुद्दाम त्याच्या वाटेत टाकला. त्यावर यंत्र लगेच वाजलं. कारण काय, ते तिला कळलं नाही आणि तिला ते नकोही होतं. दुसऱ्या दिवशी तिनेच पैज लावली, पुरलेले रुपये कोण जास्त काढतं याची. पुरायचे रुपयेही तिनेच दिले, चार नवे आणि एक जुना.

दीपक आधी निघाला. जुन्या रुपयावर यंत्र वाजलं, तो त्याने काढला. नव्या चारांवरून तो दोन-दोनदा गेला. यंत्राने हूं की चूं केलं नाही.

मग रंगूबाई अनवाणी निघाली. नुकती उकरलेली माती तळव्याला पोकळ आणि थोडी गार लागते. ही विद्या पायाळूची की रानात जन्म काढलेल्या कुठल्याही बाईची, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिने चारही रुपये काढले.

दीपकने त्यातला एक हातात घेऊन उलटसुलट केला.

"आबा, ह्यो इस्टीलचा हाय," तो दत्तोबांना म्हणाला. "जुन्यात तांबं अन् निकेल हुतं. रानात खिळं, तारा लई. समद्यावर वाजाय लागलं तर काम व्हायचं न्हाय, म्हणून लोखंड सोडून द्यायचं बटण लावलंय. मशीनला ह्यो रुपया खिळाच वाटतो."

"म्हंजी तुजं मशीन रुपया वळखत न्हाय," रंगूबाई म्हणाली.

लोक हसले. दीपक काहीतरी बोलणार होता, पण थांबला.

"न्हाय वळखत, काकी. जिकला तुमी."

त्याने यंत्र गोणपाटात गुंडाळलं आणि घरी नेलं.

दुपारी सून म्हाळसाने ताट वाढलं आणि पाठ फिरवून चुलीपाशी बसली.

"तोंड का पाडलंस? तुजी सासू जिकली."

"त्याला असं हसाय नको हुतं, आत्या."

"का? तुजा कोण लागतो त्यो?"

म्हाळसाने पदराआडून गळ्यातलं डोरलं पुढे केलं.

"संक्रांतीला उसाला पाणी देताना पडलं हुतं ह्ये. त्यानं काढून दिलं."

रंगूबाईने घास ताटात परत ठेवला.

"घरात पायाळू असताना तू परक्याकडं गेलीस?"

"तुमाला घावलं नसतं तर?" म्हाळसा खाली बघत म्हणाली. "लई लागलं असतं तुमाला. म्हणून त्यालाबी शपथ घातली, कुटं बोलू नगंस म्हणून."

म्हणजे पोराला सकाळी डोरल्याच्या एका वाक्यात सगळं हसू तिच्यावर उलटवता आलं असतं, पण तो शपथेला जागला होता. यंत्र घेऊन तो गावभर मिरवत होता, तेव्हा रंगूबाईला त्याचा जेवढा हेवा वाटला नव्हता तेवढा आता वाटला. तिने ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी झुंबर दारात आला. हरभरा उपटताना त्याच्या बायकोच्या कानातली कुडी रानात पडली होती.

"कालच्यानं पटलं, रंगूआक्का. मशीनबिशीन काय खरं न्हाय. तुमीच चला."

रंगूबाई उठली. हरभरा उपटलेलं रान सगळंच उकरलेलं. तिथे तळव्याला काय कळणार होतं?

"सोन्याची हाय न्हवं?"

"व्हय."

"मग दीपकला बोलीव. मशीन घिऊन यं म्हणावं."

झुंबर जायला वळला आणि थांबला.

"अन् तुमी?"

रंगूबाईने चपला उंबऱ्याआत काढून ठेवल्या.

"मी म्होरं चालीन," ती म्हणाली. "त्याला माज्या मागनं यायला सांग."