पाच दिवसांत दोन इंजिनं

माहेरी काय आणि सासरी काय, सगळे तिला वावटळ म्हणत. चहाला उकळी येईपर्यंत ओट्यापाशी उभं राहणं तिला कधी जमलं नाही. तेवढ्यात ती दोरीवरचे कपडे काढून आणायची आणि परत येईपर्यंत चहा उतू गेलेला असायचा. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो शांतपणे शेगडी पुसून घ्यायचा.

आठ वर्षं तिने एका इंजिनाच्या छोट्या विमानातून शेतांवर औषध फवारलं होतं. पिकाच्या डोक्यावरून दोन माणसं उंचीवर उडायचं, बांध आला की वर उचलायचं, वळायचं, पुन्हा खाली. त्या कामाला तिची घाई मानवायची. मग फवारणीची कंपनी बंद पडली आणि ती पाच महिने घरी बसली. बसली म्हणजे काय, घरातलं प्रत्येक कपाट तीन-तीनदा लावून झालं. शेवटी नवराच म्हणाला, आता माझे नकाशे तेवढे राहू दे जागेवर.

अशात एका विमानसेवेत जागा निघाली. आजारी माणसांना लांबच्या गावांहून मोठ्या इस्पितळात पोचवायचं काम. तिथल्या मुख्य वैमानिकाला तिचं उड्डाण पसंत पडलं, पण त्यांची विमानं दोन इंजिनांची आणि तिच्या परवान्यावर शेरा एकाच इंजिनाचा. दोन इंजिनांचं रेटिंग, म्हणजे परवान्यावर तसा शेरा, घेऊन दहा दिवसांनी सोमवारी सकाळी हजर झालात तर जागा तुमची, असं त्याने सांगितलं. त्या सोमवारपुढे तो थांबणार नव्हता, त्याच्याकडे दुसराही एक उमेदवार होता.

म्हणून ती विमान शिकवणाऱ्या एका शाळेत आली. सोमवारी वर्ग सुरू, शुक्रवारी परीक्षा, असा त्यांचा झटपट अभ्यासक्रम होता. शाळा म्हणजे पत्र्याचा हँगर, त्याला टेकून दोन खोल्या आणि दोन इंजिनांचं एकच विमान. विद्यार्थीही दोनच. दुसरा होता दातांचा डॉक्टर. त्याने हौसेखातर स्वतःचं विमान विकत घेतलं होतं आणि ते उडवायचं रेटिंग अजून व्हायचं होतं. समोरचा माणूस बोलू लागला की त्याची नजर आपोआप दातांवर जायची.

शिकवायला मास्तर. आयुष्यभर मालवाहू विमानं चालवून निवृत्त झालेला, सावकाश बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्याने फळ्यावर विमान काढलं आणि सांगितलं की दोन इंजिनं असली म्हणजे दुप्पट सुरक्षित, हा समज आधी डोक्यातून काढा. एक बंद पडलं की चालू असलेलं दुसरं विमानाला फिरवून पाडायला बघतं. नाक मेलेल्या इंजिनाकडे वळतं. ते सरळ ठेवायला उलट बाजूचा पाय जोरात दाबावा लागतो, आणि जो पाय रिकामा राहतो त्या बाजूचं इंजिन मेलेलं. मग त्या इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा हळूच मागे घेऊन खात्री करायची. काही फरक पडला नाही, तरच त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवून तो थांबवायचा.

तिला हे सगळं एका झटक्यात कळलं, आणि तिथेच घोळ झाला. मंगळवारी हवेत मास्तरने दांड्यांवर वही आडवी धरली आणि तिच्या नकळत एक इंजिन मंद केलं. नाक डावीकडे वळलं. पाय बरोबर पडला, पण डोक्याने काही म्हणायच्या आत हात पुढे गेला आणि तिने उजवा दांडा मागे ओढला. चालू असलेलं इंजिन. क्षणभर विमानात नुसता वाऱ्याचा आवाज उरला. मास्तरने दोन्ही दांडे पुढे सारले आणि विमान पुन्हा सरळ केलं.

बुधवारी तेच. तिसऱ्या खेपेला मात्र तिचं तिलाच हसू आलं आणि लगेच रडूही. उतरल्यावर ती हँगरभोवती फेऱ्या मारू लागली. मास्तर दारात स्टूल टाकून बसला होता. चौथ्या फेरीला तो म्हणाला, “तुम्हाला येत नाही असं नाही. तुम्हाला मधलं अंतर सहन होत नाही.”

“कसलं अंतर?”

“पाय आणि हात यांच्यामधलं. एक श्वास असतो तिथे. तो घ्यायचा.”

त्या संध्याकाळी खोलीतल्या खुर्चीवर डोळे मिटून ती जमिनीवर पाय दाबत बसली. पाय, श्वास, मोठ्याने बाजूचं नाव, मग हात. नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने त्यालाही फोनवरच डावा की उजवा ते सांगायला बसवलं. तो बिचारा पाऊण तास डावा-उजवा करत राहिला.

गुरुवारी दुपारी सराव आटोपून ते परतत होते. धावपट्टी समोर दिसू लागली होती. एकाएकी विमान थरथरलं, उजवीकडून खडखडाट झाला आणि नाक उजवीकडे ओढलं गेलं. तिच्या मनात आलं, आता उतरायच्या वेळीसुद्धा सोडत नाही हा माणूस. तिने बाजूला पाहिलं. मास्तरचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते.

“हे मी केलेलं नाही,” तो म्हणाला.

तिचा डावा पाय आधीच दाबलेला होता. हात निघालाही होता. तो तिने हवेतच अडवला. श्वास घेतला. उजवा पाय रिकामा. “उजवं,” ती मोठ्याने म्हणाली. उजवा दांडा सावकाश मागे घेतला. नाक जागचं हललं नाही. उजव्या इंजिनाच्या तेलाचा काटा तळाला टेकला होता. तिने मास्तरकडे पाहिलं, त्याने मान डोलावली, आणि तिने उजवा पंखा थांबवला. पाती स्थिर उभी राहिली, पण विमान सरळ चाललं होतं. मास्तरने रेडिओवर कळवलं. बाकी कशाला हात लावला नाही. पट्टी नक्की हाताशी आल्यावरच तिने चाकं खाली सोडली. विमान टेकलं, पट्टीच्या कडेला वळलं आणि तिथेच थांबलं. मगच तिने डावा पाय उचलला.

इंजिन उघडल्यावर मेकॅनिकने सांगितलं की सिलिंडरला चीर गेली आहे, सुटा भाग यायला दहा-बारा दिवस तरी लागतील. शुक्रवारी सकाळी परीक्षक आले. त्यांनी उघडं इंजिन पाहिलं आणि मास्तरचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, काल मी तुमच्याबरोबर विमानात असतो तर निम्मी परीक्षा तिथेच झाली असती. पण मी नव्हतो. आणि आले तसे परत गेले.

डॉक्टर मात्र हात बांधून बसणाऱ्यातला नव्हता. त्याने फोन फिरवून गाडीने सहा तासांवरची दुसरी शाळा शोधली. तिथे विमान मोकळं होतं, शनिवारी एक उड्डाण आणि रविवारी परीक्षा. तिने बॅग भरायला पाच मिनिटंही घेतली नाहीत.

शनिवारी ती त्या दुसऱ्या विमानात बसली. जुन्या बनावटीचं विमान. दांड्यांच्या दोन जोड्या, एक ताकदीची आणि एक पंख्यांची, त्यांच्या जागा उलट. जिथे तिच्या हाताला ताकदीचे दांडे मिळायचे, तिथे आता पंख्यांचे होते. उड्डाणात तिचा पाय चुकला नाही, श्वास चुकला नाही, बाजूही चुकली नाही. हात मात्र दोनदा भलत्याच दांड्यावर पडला. तिथला तरुण शिक्षक म्हणाला, इतकं सगळ्यांचंच होतं, उद्या निभावून जाईल. ते खरंही असावं. डॉक्टरचा हातही एकदा तसाच चुकला होता.

रात्री ती तिथल्या धर्मशाळेसारख्या पाहुण्यांच्या खोलीत येरझाऱ्या घालू लागली. पलंग, खिडकी, दार, पलंग. मग तिने नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“तू पास होशील का?” त्याने विचारलं.

“होईन बहुतेक.”

“मग अडलंय कुठे?”

“सोमवारी मागे पेशंट असेल रे,” ती म्हणाली. “त्यांच्या विमानातले दांडे कुठे असतील कोण जाणे, आणि माझा हात अजून शोधतोय.”

तो म्हणाला, तुला ठाऊक आहे काय करायचं ते, मला फक्त ऐकायला बसवलंयस.

तिने परीक्षा रद्द केली आणि मुख्य वैमानिकाला फोन केला. इंजिनाचं सांगितलं, उलट्या दांड्यांचंही सांगितलं. त्याने मध्ये न तोडता ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, तुम्ही योग्य केलंत, पण मला सोमवारी माणूस हवा आहे. जागा दुसऱ्याला गेली. फोन ठेवल्यावर ती उशीत तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडली, मग उठून तोंड धुतलं. डॉक्टर रविवारी पास झाला. त्याने आणलेला केकचा तुकडा तिने मन लावून खाल्ला.

पुढचे तेरा दिवस तिने कसे काढले ते तिच्या नवऱ्यालाच ठाऊक. चौदाव्या दिवशी मास्तरचा निरोप आला, विमान तयार आहे. दोन दिवस पुन्हा सराव झाला, तिसऱ्या दिवशी तेच परीक्षक आले. हवेत त्यांनी दोनदा इंजिन मंद केलं. दुसऱ्या वेळी ती इतकी सावकाश वागली की त्यांनीच विचारलं, तुम्ही ओळखलंत ना कोणतं ते. “ओळखलंय,” ती म्हणाली, “खात्री करतेय.” उतरल्यावर त्यांनी कागदावर सही केली.

विमानसेवेतून पुन्हा बोलावणं आलं नाही. महिनाभराने एका छोट्या मालवाहतुकीच्या कंपनीत तिला काम मिळालं, दोन इंजिनांच्या विमानावर, सहवैमानिक म्हणून. पगार बेताचा, वेळा विचित्र. पहिल्या फेरीला औषधांचे खोके होते आणि दोन टायर. वैमानिक वयाने तिच्याहून लहान होता. तो तिला ताई म्हणाला आणि पट्टीवर जाण्याआधी त्याने विचारलं की उड्डाणाच्या वेळीच एखादं इंजिन गेलं तर काय करायचं, एकदा बोलून घेऊ या का. ती हो म्हणाली आणि पहिल्यापासून सांगू लागली.