बंद दाराआडचं मुसळ

बाळीवेशीत काशम्माची शेंगाचटणी ज्याला ठाऊक नाही तो एकतर कालच आलेला पाहुणा असायचा, नाहीतर दात पडलेला म्हातारा. उखळात दाणे कुटून कुटून त्यांना तेल सुटेपर्यंत ती मुसळ खाली ठेवत नसे. वीस वर्षं तिनं खानावळींना आणि घराघरांत ही चटणी दिली. लेक बार्शीला नांदायला गेली, नवरा वीरभद्रप्पा गिरणीत पहिल्या पाळीला, आणि दिवसभर घरात काशम्मा नि तिचं उखळ.

मग धाप सुरू झाली. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यानं काळजातली एक झडप आवळत गेली होती म्हणे. चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या डॉक्टरांनी बरगड्यांमधून आत शिरून ती मोकळी केली. छातीपासून पाठीपर्यंत लांबलचक व्रण घेऊन काशम्मा परत आली. रात्री बसून काढाव्या लागत, ते थांबलं. जो येई तो म्हणे, जीव वाचला, आणखी काय पाहिजे? हे वाक्य ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. काय पाहिजे ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण विचारणाऱ्याला उत्तर नकोच असायचं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, घागर उचलायची नाही, कुटायचं नाही, जिना थांबत थांबत चढायचा, मीठ बेताचं खायचं. सहा महिने तिनं दात-ओठ खाऊन पाळलं. सहा महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेली. वीरभद्रप्पा औषधांच्या रांगेत उभा होता, तेवढ्यात तिनं डॉक्टरांना विचारून घेतलं, "आता कुटू का?"

"कुटणं विसरा बाई. झडप मोकळी झाली, पण हृदय आधीच थकलेलं आहे. जड काम कायमचं बंद."

बाहेर येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, "आनखी थोडं म्हैनं थांबा म्हनालेत." परतीच्या गाडीत केम गेलं, कुर्डुवाडी गेली, तरी ती खिडकीकडंच तोंड करून बसली होती. वीरभद्रप्पाला वाटलं, दमली असेल.

घरी आल्यावर तिनं बेत सांगितला. कुटायला बाई ठेवायची नाही, कारण आज बाई ठेवली की उद्या चटणी त्या बाईची. मुसळ वीरभद्रप्पानं धरायचं, दार लावून. "आवाज जाऊ दे भाईर. मानूस दिसाया नगं. आन् कुनाला सांगू नगा."

"अगं, मी गडीमानूस. मुसळ धरू?"

"म्हनून तर दार लावा म्हनते."

वीरभद्रप्पा बिचारा बायकोच्या शब्दाबाहेर नव्हताच. रोज पाळी सुटली की दार लागायचं. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन चालत नाही, असं म्हणतात खरं. पण हा गडी मुसळालाच भ्यायचा. पहिल्या दिवशी त्यानं असे दणके हाणले की निम्मे दाणे भिंतीवर. पाटावर बसलेली काशम्मा कडाडली, "शेंगा कुटताय का साप मारताय?"

"मग कसं कुटू?"

कसं हे तिला सांगता येईना. ते तिच्या दंडात होतं, मनगटात होतं, तोंडात नव्हतंच कधी. हात उचलून दाखवावं तर डावा खांदा वर जाईना. ओरडावं तर तीन वाक्यांत धाप लागे. चटणीचं मीठ बघायचं तर जिभेच्या टोकावर कणभर ठेवायचं आणि लगेच चूळ भरायची. म्हणजे हात गेले, आवाज गेला, चवसुद्धा गेली. उरलं काय, तर पाटावर बसणं. अशा बसण्याचा तिला इतका वीट आला होता की एकदा तिनं तो पाटच पायानं लोटून दिला. मग तो तिलाच वाकून उचलावा लागला, आणि तेवढ्यानंही ती दमली.

वीरभद्रप्पाचा हात मात्र महिनाभरात बसला. दाण्यांना तेल सुटू लागलं. खानावळीतून निरोप आला, चटणी पहिल्यासारखीच झालीय. काशम्माला आनंद व्हायला हवा होता. तिला दिवसभर जेवण गेलं नाही. वीस वर्षांची कमाई एका गिरणीकामगाराला महिन्यात जमली, आणि कुणाच्या जिभेला फरकही कळला नाही!

एक गोष्ट तेवढी गोड होती. दारावरून जाणाऱ्या बायका मुसळाचा आवाज ऐकून म्हणायच्या, "काय बाई हाय! काळीज फाडून आली आन् पुन्यांदा मुसळ धरलं." ते ऐकलं की ती अर्धी भाकरी जास्त खायची.

पण बायकांचं तोंड ते. कौतुक आठ दिवस टिकलं, मग त्याचं दुसरंच झालं. शेजारच्या फुलाबाईनं नळावर वीरभद्रप्पाची घागर बाजूला सारली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "लाज कशी वाटत न्हाय हो? आपरेशन झालेल्या बायकोला कुटायला बसवताय!" तो रिकामी घागर उचलून घरी आला. गिरणीत जोडीदारांनी त्याच्यासोबत चहा प्यायचं सोडलं. तेही त्यानं मुकाट सोसलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. काशम्माला हे सगळं कळत होतं. कळूनही ती गप्प बसली, हे लपवण्यात अर्थ नाही. नाव जपायचं तर नवऱ्याची बेअब्रू होऊ द्यायची, असा हिशेब तिनं मनाशी केला होता आणि रोज स्वतःवर चिडतही होती.

ही बातमी दुधनीला तिच्या भावापर्यंत गेली. गिरणीच्या सुटीच्या दिवशी दुपारी ईश्वरप्पा बसमधून उतरला तो तडक दारात. आतून मुसळाचा आवाज येत होता. त्यानं दार धडाधडा वाजवलं. वीरभद्रप्पानं घाईनं मुसळ भिंतीला टेकवलं आणि कडी काढली.

आत बहीण उखळापाशी बसलेली, बोटाला चटणी. ईश्वरप्पाला तेवढंच पुरलं. दाजी घामानं निथळत होते, पण रागावलेल्या माणसाला दुसऱ्याचा घाम दिसत नाही.

"दाजी, तुमी मानूस हाय का कोन? भनीला माज्या मरनाच्या दारातनं आनलं, आन् पुन्ना मुसळ देताय हातात? अक्का, ऊठ. लुगडी बांध. दुधनीला चल."

आवाज ऐकून फुलाबाई आणि आणखी दोघी उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. वीरभद्रप्पा आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. काशम्मा वाट बघत होती. आता बोलेल, आता बोलेल. हा माणूस आपला अंगठाच न्याहाळतोय. दुधनीचं घर तिच्या डोळ्यांपुढं आलं. खाटेवर बसायचं, भावजय हातात ताट आणून देणार, आणि वर म्हणणार, बसा वन्सं, तुमी काय करू नका.

ती नवऱ्यावरच भडकली. "अवं, बोला की! जीभ गहाण टाकलीय का?"

"तूच नगं म्हनालीस न्हवं," वीरभद्रप्पा म्हणाला.

काशम्मा भिंतीला धरून उठली. "ईश्वरा, मी न्हाय कुटत. आपरेशनापासनं मी मुसळाला हात लावला न्हाय. समदं हेच कुटत्यात."

मग फुलाबाईच म्हणाली, "नवऱ्याला झाकतीस व्हय गं? गडीमानूस कुटं शेंगा कुटतोय?"

ईश्वरप्पानंही मान हलवली. "अक्का, आमाला फसवू नगं."

इतके दिवस जे बोलायला जीभ रेटत नव्हती, ते बोलली तर कुणाला पटेना! काशम्मानं रागारागानं भिंतीचं मुसळ ओढलं आणि दोन्ही हातांनी धरलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिलाही वाटलं, एक दणका बसेल. एक बसला तरी बस्स. मुसळ गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. मग डावा हात लटपटला, छातीत काहीतरी धडाधडा उसळलं, आणि मुसळ उखळाच्या काठावर आदळून घरंगळलं. ती मटकन खाली बसली. वीरभद्रप्पा धावला.

"व्हा बाजूला," ती धापा टाकत म्हणाली. "बघू द्या त्यास्नी. न्हाय होत मला. आन् हुनार बी न्हाय कदी. डाक्टरनं कायमचं बंद सांगितलंय."

वीरभद्रप्पा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "कायमचं?"

"व्हय."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं की!"

ईश्वरप्पानं टोपी काढून हातात धरली. फुलाबाई उंबऱ्यावरून मागं सरली. काशम्मा सगळ्यांदेखत, पदरही तोंडाला न लावता, मोठ्यानं रडली. रडतानाही धाप लागत होती, आणि त्याचाही तिला राग येत होता.