सगळ्यांचं कोठार

भाऊ अंथरुणाला खिळला तेव्हा आत्यानं चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली. थोडेच दिवस, असं सगळे म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी ती स्वतःच म्हणाली. वहिनी पूर्वीच गेलेली. भावाची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात कामाला होती. तिनं स्वतः येण्याऐवजी आपला जुना कॉम्प्युटर पाठवला, आत एक खेळ घालून. तुला विरंगुळा होईल आणि आपली रोज गाठही पडेल, असं भाचीनं फोनवर लाडीगोडीनं सांगितलं.

खेळ म्हणजे ठोकळ्याठोकळ्यांची एक दुनियाच होती. डोंगर खणावेत, झाडं तोडावीत, घरं बांधावीत. त्या दुनियेत चौघं राहत. आत्या, भाची, भाचीचा एक बेकरीवाला मित्र आणि शाळेत शिकवणारी एक बाई, जिला सगळे हेडबाईच म्हणत. मधोमध एक कोठार होतं. ज्याला जे सापडेल ते त्यानं कोठारात आणून टाकायचं, ज्याला जे लागेल ते त्यानं न विचारता न्यायचं, आणि जड कामं पाळीपाळीनं करायची. नियम भाचीनंच घातले होते. "कुणा एकाच्या अंगावर सगळं पडलं की मग मजा राहत नाही," ती म्हणायची. आत्याला ते फार आवडलं होतं.

पण बाकीचे कामावरून सुटले की यायचे आणि आत्या दिवसभर घरीच असायची. हळूहळू मेंढ्या तिच्याकडे आल्या, मग शेत आलं, मग कोठाराची राखणही आली. संध्याकाळी तिघं उगवायची ती मागण्या घेऊनच. आत्या, दोर संपलेत. आत्या, मशाली कुठेत? कुणी वाईट नव्हतं, सगळे गोडच बोलत. आत्याला नाही म्हणायला जागाच सापडत नसे.

घरातही तेच. खुर्चीवरून उठावं ते पलंगाशी जावं, तिथून ओट्याशी आणि परत खुर्चीत. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे. औषधवाला औषधं दारात आणून देऊ लागला, तेव्हा शेजारणीनं सुटलीस बाई म्हणून कौतुक केलं. आत्याचं मात्र घराबाहेर पडायचं शेवटचं निमित्त गेलं होतं.

भावाची वाचा गेली होती, एक हात तेवढा चाले. त्या हातात तिनं स्टीलचा चमचा दिला होता. काही हवं असलं की तो पलंगाच्या दांडीवर वाजवी. खेळताना एकमेकांशी बोलायला माइक असे, त्यातून तो आवाज सगळ्यांना ऐकू जाई. पहिल्याच दिवशी बेकरीवाल्यानं विचारलं तेव्हा, घरात काम काढलंय, असं सांगून तिनं वेळ मारून नेली. ही ठोकाठोक संपणार तरी कधी, म्हणून सगळे हसले होते, भाचीही.

एका रविवारी दुपारी कोठार डोंगरापलीकडे हलवायचं ठरलं. सगळं लोखंड घेऊन आत्या भुयारातून निघाली आणि अर्ध्या वाटेत छत कोसळलं. पुढची वाट बुजली, मागचीही बुजली, आणि वरून पाणी भरू लागलं. छतापाशी बोटभर हवा राहिली. एक बटण दाबून धरलं होतं तोवर ती तरंगत होती. सोडलं असतं तर ती बुडाली असती आणि चौघांनी जमवलेलं सगळं लोखंड वाहून गेलं असतं. तिघं बाहेरून खणायला लागली. बोट अजिबात उचलू नका, हेडबाई पुन्हा पुन्हा बजावत होत्या.

तेवढ्यात चमचा वाजला. आधी नेहमीसारखा वाजला, मग घाईघाईनं, वेडावाकडा. आत्याचं बोट बटणावर आणि जीव पलीकडच्या खोलीत.

"आत्या, थोडंच राहिलंय," भाची म्हणाली. "बाबा काय, सारखे वाजवतच असतात."



"तुला ठाऊक होतं," आत्या म्हणाली.

आत्यानं बोट उचललं.

भाऊ घसरून पलंगाच्या कडेला गेला होता. मान दांडी आणि गादी यांच्यामध्ये अडकली होती, तोंड लाल झालं होतं. चमचा खाली पडला होता आणि तो नुसत्या बोटांनी दांडी बडवत होता. तिनं काखेत हात घालून सगळा जोर लावून त्याला वर ओढलं. कितीतरी वेळ दोघंही धापा टाकत एकमेकांकडे पाहत राहिली.

ती परतली तेव्हा पडदा काळा झाला होता. लोखंड गेलं ते गेलंच.

"काकू," बेकरीवाल्यानं हळूच विचारलं, "हे रोजचंच असतं?"

"रोजचंच. माझा भाऊ आहे तो. हिचे वडील." मग भाचीला म्हणाली, "मेंढ्यांना तरी आपण सुरुवातीला पाळी लावली होती गं."

भाची खेळातून निघून गेली. नंतर बरेच दिवस ती आली नाही, फोनही नाही. आत्यानं मनाशी धरलं, होतं तेवढं एक माणूसही आपण तोडलं. चूल विझवावी तसा तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि वर फडकं टाकलं.

मग एका सकाळी भाची बॅग घेऊन दारात उभी राहिली. बापाच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत गेली आणि तिथंच थबकली. "मला बाबांना असं बघवत नाही, आत्या. म्हणून येत नव्हते."

"मला तरी कुठं बघवतं?" आत्या म्हणाली.

दुपारी भावानं दांडी वाजवली. आत्या सवयीनं उठली, पण भाचीनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं. तिनं सूप भरवलं. निम्मं उशीवर सांडलं. भाऊ तिच्याकडे पाहत होता, तोंड मिटायचंही विसरला होता. आत्याचे हात शिवशिवत होते, पण ती जागची उठली नाही. महिन्यातला एक आठवडा माझा, भाचीनं सांगितलं. बाकीच्या आठवड्यांचं कुणीच काढलं नाही.

"आता तू बाहेर जाऊन ये," ती म्हणाली. "कुठंही."

आत्यानं चपला शोधल्या. न वापरून त्या कडक झाल्या होत्या. जिना उतरून ती रस्त्यावर आली. डावीकडे जावं की उजवीकडे, तिला कळेना. कोपऱ्यापर्यंत गेली, बसथांब्यावर बसली. एक बस आली, थांबली, निघून गेली. लोक आपापल्या वाटेनं चालले होते, आणि प्रत्येकाला कुठं जायचं ते पक्कं माहीत असल्यासारखं दिसत होतं. ती उठून घराकडे वळली.

भाचीनं दार उघडलं. "एवढ्यात आलीस?"

"पुढच्या वेळी लांब जाईन," आत्या म्हणाली आणि चपला दारात काढून ठेवू लागली.