मॉरीनचा उजवा अंगठा

कॅनडातल्या थंडर बे गावच्या त्या लहानशा मसाज केंद्रात बुधवारी दुपारी दार आतून लावून घेत. त्या वेळात मॉरीन आणि पॉलेट एकमेकींना मसाज करीत. दिवसभर लोकांची अंगं रगडणाऱ्यांचं अंग कोण रगडणार, म्हणून ही पद्धत पडली होती. हल्ली मात्र मॉरीन बुधवार टाळू लागली होती. कधी दाढ दुखे, कधी गाडी चालू होत नसे.

आज पॉलेटनं तिला सोडलं नाही. ती टेबलावर पालथी पडली आणि म्हणाली, "कर सुरू. आणि गाडीचं नाव काढू नकोस."

मॉरीननं हाताला तेल लावलं. तिच्या अंगठ्यांची गावात ख्याती होती. पाठीतली गाठ ते नेमकी हुडकून काढत आणि सुटेपर्यंत तिथून हलत नसत. पण पानगळीपासून उजव्या अंगठ्याचं मूळ ठणकत होतं. सकाळी कॉफीच्या बरणीचं झाकण फिरत नसे. ती दुखणं अंगावर काढत होती. अंगठा गेला तर आपल्यापाशी उरतं काय, हा विचार तिला ठणक्याहून जड वाटे.

"उजवा अंगठा कुठंय?" पॉलेटनं विचारलं.

"आहे की."

"नाही. तू बोटांची पेरं टेकवतेयस. मला काय गिऱ्हाईक समजलीस?"

पॉलेट चादर गुंडाळून उठून बसली. तिनं मॉरीनचा हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबलं. कळ येऊन मॉरीनचा खांदा कानाला लागला.

"हं," पॉलेट म्हणाली. मग तिचं लक्ष टेबलाच्या पायांकडे गेलं. "हे एवढं उंच कधी केलंस?"

"मागच्या हिवाळ्यात. कंबर धरायची. वाकायला नको म्हणून."

"उभी राहा. मूठ खाली सोड." मुठीची हाडं टेबलाला वरून जेमतेम टेकायला हवीत; मॉरीनची मूठ मात्र काठाच्या बरीच खाली लोंबत होती. "उंच टेबलावर अंगाचं वजन उतरतच नाही, बाई. सगळा जोर अंगठ्यावर. कंबर वाचवलीस आणि अंगठा घालवायला बसलीस. हे मला कोणी शिकवलं?"

शिकवलं होतं मॉरीननंच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

"कोपर वापर, कोपराखालचा हात वापर. गुडघ्यात वाक, कमरेत नको. आणि तो अंगठा डॉक्टरला दाखव. नाहीतर दाराची कडीसुद्धा दुसऱ्याकडून काढून घ्यावी लागेल."

"आत्ता नीमी येतील," मॉरीन म्हणाली.

पॉलेटनं कपडे चढवले आणि जाऊन दाराची कडी काढली.

नीमी हे मॉरीनचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा अख्खा जन्म गोदीवरच्या धान्याच्या कोठारांत काम करण्यात गेला होता. आले ते बायकोनं भाजलेला वेलचीचा पाव घेऊन, नेहमीसारखे. मॉरीननं टेबल खाली घेतलं. ते पालथे झाल्यावर तिनं कोपराखालचा हात त्यांच्या पाठीवर आडवा ठेवला आणि मागच्या पायावरचं वजन पुढं सोडलं. वजन आपसूक उतरलं. अंगठ्याला कळलंही नाही.

"हे काय, पोरी?"

"हात आहे. अंगठा दुखतोय माझा. आता तो नाही लावणार."

"जरासा लाव. त्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली. एकदाच."

हे 'एकदाच' ती स्वतःलाही रोज सांगत आली होती. तिचा अंगठा नकळत पात्याखाली सरकला. गाठ हरभऱ्याएवढी, तिथंच होती. तिनं हात उचलला.

"नाही जमायचं, नीमी."

"वरवर लोणी फासणारे गावात पुष्कळ आहेत. मी तुझ्याकडे अंगठ्यासाठी येतो."

"माहीत आहे मला."

तिनं कोपरानं, हातानं जमेल तेवढं केलं. बरंच जमलं, पण त्यांनी एकदाही हुंकार दिला नाही. बाहेर पॉलेटनं पुढची वेळ विचारली तर "बघू," म्हणाले, आणि टोपी कानांवर ओढून गेले.

मॉरीन खिडकीशी आली. खाली नीमी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होते. डावा खांदा वर उचलून, मध्येमध्ये थांबून. कुठं अडतंय ते तिला इथूनही दिसत होतं. तेवढ्यात हातातून एक कळ कोपरापर्यंत गेली. तिनं खाली पाहिलं. उजवा अंगठा खिडकीच्या लाकडी काठावर रुतला होता, अगदी पात्याखाली रुतावा तसा. तिनं तो सोडवला आणि काखेत दाबून धरला.